सांगून दिलेली गोळी

दोन वर्षांमागे हदगावला पुतण्याच्या लग्नात माझ्या शेजारी पंगतीला एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते आणि दारू सोडणाऱ्यांना गोळ्या द्यायचे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. वरणभात कालवता कालवता ते म्हणाले, "गोळी खाऊन सोडलेली दारू, ती काय सोडलेली म्हणायची? माणसानं मनानं सोडायला पाहिजे." मी त्यांना विचारलं, तुम्हाला शुगर आहे का. आहे म्हणाले. मग ती गोळीनं उतरवता की मनानं, असं विचारल्यावर ते जिलेबीकडे वळले.

नोकरीत असताना मी हे एकच भांडण भांडत आले. डॉक्टरांशी भांडले, साहेबांशी भांडले, कीर्तनकाराशीसुद्धा भांडले. आता गुडघे गेलेत, पण तोंड शाबूत आहे, म्हणून लिहून ठेवते.

आधी ही गोळी काय असते ते सांगते, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. तिचं नाव डायसल्फिराम. आम्ही नुसतं 'गोळी' म्हणायचो. ती दारूची तलफ मारत नाही, चव बिघडवत नाही, माणसाचा स्वभाव तर मुळीच सुधारत नाही. दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी एक विषारी द्रव्य करतं आणि मग ते विष निकामी करतं. गोळी हे निकामी करायचं काम अडवते. म्हणजे गोळी घेतलेल्या माणसानं घोटभर जरी घेतली तरी ते विष अंगात साठतं. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, डोकं फुटायला येतं, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. जास्त प्यायला तर जीवही जाऊ शकतो. आज गोळी बंद केली तरी तिचा अंमल आठ-दहा दिवस राहतो. म्हणून घेणाऱ्याला हे सगळं आधी ठाऊक पाहिजे. गोळीचं निम्मं काम पोटात होतं आणि निम्मं डोक्यात. 'आज मी गोळी घेतली, आज मला पिता येणार नाही' हे ज्याला माहीत आहे त्यालाच तिचा उपयोग. हे मी पुस्तकातून शिकले नाही. एका माउलीचं घर बिघडवून शिकले.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमचा दवाखाना अहमदपूर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी होता. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून पेंटरनं 'जिल्हा लातूर' केलं, पण खालची जुनी अक्षरं कितीतरी दिवस दिसत होती. कारभाराचंही तसंच. औषधांची मागणी उस्मानाबादला पाठवली की 'लातूरला विचारा' म्हणून परत यायची, आणि लातूरला पाठवली की 'यादी अजून आली नाही' म्हणून पडून राहायची. पण नव्या जिल्ह्याचा एक फायदा झाला. मानसोपचाराचे डॉक्टर काझी लातूरला आले आणि दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी, एसटीनं आमच्याकडे येऊ लागले. मूळचे उदगीरचे, बोलायला अगदी हळू, पण एकदा पेशंटचा हात हातात घेतला की त्याचं सगळं ऐकल्याशिवाय सोडायचे नाहीत. गोळी त्यांनीच आणली. पेशंट निवडणं, त्याचं काळीज-यकृत तपासणं, चिठ्ठी लिहिणं हे त्यांचं काम. रोज सकाळी माणसाला माझ्यासमोर गोळी गिळायला लावायची आणि रजिस्टरात लिहायचं, हे माझं. बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीत मी पाण्याचा तांब्या आणि दोन ग्लास मांडून बसायचे.

सुरुवातीच्या दिवसांत गंगाबाई आल्या. लिंगायत किराणा दुकानदाराच्या आई, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नाही. त्यांचा मुलगा शिवराज दुपारीच दुकानाची फळी टाकून गुत्त्यावर जायचा. दवाखान्यात यायला तयार नव्हता. गंगाबाई माझ्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "शिष्टरबाई, मला चार गोळ्या द्या. मी वरणात घालीन. त्याला कळणार बी न्हाई." डॉक्टर काझींनी बजावून सांगितलं होतं की न सांगता कुणालाही द्यायची नाही. पण एका पेशंटनं अर्ध्यात सोडलेली पट्टी माझ्या कपाटात होती. आणि ती बाई रडत होती. मी दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिवराजला चौघांनी उचलून आणलं. तोंड तांबडंलाल, नाडी हाताला लागत नव्हती, श्वासाला हिसके. आमच्या मेडिकल ऑफिसरनं आणि मी संध्याकाळपर्यंत सलाइन, ऑक्सिजन लावून त्याला खेचून आणलं. त्याला काय झालं हे डॉक्टरांना सांगायला लागलं, आणि त्यालाही सांगायला लागलं. गंगाबाई खाटेजवळ उभ्या होत्या. शिवराज त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

त्या दिवसापासून त्यानं आईच्या हातचं खाणं सोडलं. दारू नाही सोडली. बसस्टँडच्या हॉटेलात दोन वेळा जेवायचा. गंगाबाई वारेपर्यंत त्यानं घरात पाणीदेखील स्वतःच्या हातानं भरून घेतलं. डॉक्टर काझी मला रागावले नाहीत. "सिस्टर, ही चूक आता तुमची तुम्हालाच सांभाळायची आहे," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे दुष्काळ पडला. विहिरींच्या तळाला भेगा गेल्या, हापशातून हवा यायला लागली आणि तालुक्यातली कितीतरी गावं टँकरच्या पाण्यावर आली. टँकर चालवणाऱ्यांमध्ये मन्मथ नावाचा ड्रायव्हर होता. चाळिशीचा, उंच, हाडापेरानं मजबूत. खडकाळ रस्त्यावरून भरला टँकर असा न्यायचा की घोटभर पाणी सांडायचं नाही. पण दारूत बुडालेला. कधी भरलेला टँकर बाभळीखाली उभा करून दिवसभर झोपायचा आणि तिकडे गावाच्या वेशीत घागरींची रांग उन्हात तापत राहायची.

टँकरचा कारभार बघणारे एक साहेब होते. ते एकदा दवाखान्यात आले, माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले. ड्रायव्हर मिळत नाहीत, हा माणूस कामाचा आहे, काढताही येत नाही आणि ठेवताही येत नाही, असं सगळं सांगितलं. मग मुद्द्यावर आले. शिवराजचं त्यांच्या कानावर गेलेलं होतं, पण अर्धवट. "रोज सकाळी तो माझ्या ऑफिसात चहा पितो. चहा मी पाजतो, गोळी तुम्ही द्या."

मी म्हणाले, "साहेब, त्याला सांगून देते. न सांगता देणार नाही."

"दारुड्याला विचारून इलाज करतात का?"

मी त्यांना समजावायला गेले, की हा माणूस गाडी चालवतो. गोळीचं ठाऊक नसताना वाटेत प्यायला आणि चालत्या गाडीत त्याची शुद्ध गेली, तर टँकरखाली कोण येईल ते कुणाला सांगता येत नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि उठता उठता म्हणाले की नव्या जिल्ह्याच्या कर्मचाऱ्यांच्या याद्या अजून पक्क्या झालेल्या नाहीत. ही बदलीची धमकी होती, हे मला समजलं. माझा नवरा तिथल्याच शाळेत मास्तर होता, घर होतं, सासूबाई अंथरुणाला होत्या. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "मग कच्च्या आहेत तोवरच माझं नाव खोडून टाका."

ते गेल्यावर मात्र मी घाबरले. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी मी टँकर भरायच्या विहिरीवर गेले. मन्मथ पाइप लावून सावलीला बसला होता. पहाटेच्या दारूचा वास येतच होता, पण बोलणं समजत होतं. मी त्याला सगळं सांगितलं. गोळीचं सांगितलं, साहेबांच्या चहाचं सांगितलं, शिवराजचंही सांगितलं. त्यानं पाइप सारखा केला. मग म्हणाला, "म्हंजे मला न सांगता देणार व्हते. मग तुमी कामून सांगून राहिल्या?"

"एकदा न सांगता दिली होती म्हणून."

त्याला राग आला. विहिरीच्या कठड्यावर हात आपटून म्हणाला, "मी काय बैल हाय का, येसण घालायला?"

"बैलाला कुणी विचारत नाही, मन्मथ. मी तुला विचारायला आले आहे."

मग मी त्याला जे सांगितलं तेच पुढे प्रत्येक पेशंटला सांगत आले. दारू सोडणारा माणूस दिवसातून शंभरदा 'नको' म्हणतो आणि एकशेएकाव्या वेळी थकतो. थकतो म्हणून पितो, मन कच्चं असतं म्हणून नाही. गोळी घेणाऱ्याला सकाळी एकदाच 'नको' म्हणायचं असतं. गोळी गिळली की त्या दिवसाचं ठरून गेलं. पण ते एकदाचं 'नको' त्याचं त्यानंच म्हणायचं असतं. ते मला म्हणता येत नाही, त्याच्या बायकोला येत नाही आणि साहेबाला तर नाहीच नाही.

तो उठला. पाइप काढला, गाडी सुरू केली आणि निघून गेला.

आठ-दहा दिवसांनी तो बायकोला घेऊन आला. बायकोचं नाव काशीबाई, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. काय झालं ते तिनंच सांगितलं. मन्मथ एका गावाला दोन दिवस उशिरा पोचला. बाया शिव्या देतील म्हणून तयारीत होता. एकीनंही शिवी दिली नाही. एक म्हातारी पुढं आली आणि तिनं, देवळात पुजाऱ्याला विचारावं तसं अदबीनं विचारलं, "आज तरी शुद्धीवर हायेस का बाबा? असलास तर घागर लावते." घरी येऊन तो जेवला नाही.

दारू एकदम बंद केली की पहिले तीन-चार दिवस सगळ्यात अवघड. बाहेरच्या लोकांना वाटतं माणूस नाटक करतो. नाटक नसतं. हात कापतात, घाम फुटतो, काहींना झटके येतात, काहींना नाही ते दिसायला लागतं. म्हणून आम्ही त्याला वॉर्डात ठेवला, शांत राहायच्या गोळ्या आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला भिंतीतून पाणी वाहताना दिसायला लागलं. "शिष्टरबाई, बादली लावा, वाया चाललंय," म्हणून तो खाटेवरून उतरायला बघायचा. वॉर्डात त्या वेळी हात धुवायलासुद्धा मोजून पाणी होतं. काशीबाईनं शेवटी खरोखर एक बादली आणून भिंतीला लावली, तेव्हा तो निजला. मी पुष्कळ नर्सिंग केलं, पण तेवढं शहाणं नर्सिंग माझ्या हातून झालं नाही.

गुरुवारी डॉक्टर काझी आले. त्यांनी त्याला तपासलं, पुन्हा एकदा सगळं समजावलं, काय होईल आणि काय होणार नाही ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं आणि मग चिठ्ठी लिहिली. दुसऱ्या दिवसापासून मन्मथ सकाळी सहाला टँकर दवाखान्याच्या फाटकाशी उभा करायचा, खिडकीशी यायचा, गोळी तोंडात टाकून पाणी प्यायचा आणि जीभ बाहेर काढून दाखवायचा. जीभ दाखवायला मी सांगितलं नव्हतं. ती त्याची ऐट होती.

गावात चेष्टा सुरू झाली. शिष्टरीनबाईनं मन्मथला येसण घातली म्हणायचे. एक कीर्तनकार बुवा तर भर बाजारात बोलले की नामानं सुटते ती खरी, गोळीनं सुटते ती खोटी. मी त्यांना रस्त्यातच गाठून विचारलं, तुम्ही नामानं किती जणांची सोडवलीत त्यांची नावं द्या, मी त्यांना गोळी बंद करते. त्यांनी नावं दिली नाहीत. नामाला माझा विरोध नव्हता. पेशंटनं गोळी गिळताना नाम घ्यावं की शिवी द्यावी, हा त्याचा प्रश्न होता.

पाचव्या आठवड्यात घात झाला. दिवस डोक्यावर आला असताना मन्मथला जीपमधून आणलं. तोंड लाल, डोळे तांबडे, छाती धडधडत होती, कपड्यांवर उलटी. त्याला अस्वस्थ वाटताच त्यानं टँकर कडेला घेतला, हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला आणि मगच तो खाली पडला, हे जीपवाल्यानं सांगितलं. पण गावात बातमी पोचली ती एवढीच, की मन्मथ पिऊन पडला.

साहेब तासाभरात हजर. आमच्या मेडिकल ऑफिसरना म्हणाले, केसपेपरवर 'दारूच्या नशेत' असं लिहा, म्हणजे मला याला आजच काढता येईल. डॉक्टर तरुण होते, नवे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी तोवर मन्मथच्या कानाशी बसून विचारत होते, सकाळपासून काय काय पोटात गेलं. भाकरी, पिठलं, चहा. आणि काय? अशक्तपणा वाटतो म्हणून मेव्हण्यानं ताकदीचं औषध आणून दिलं होतं, ते अर्धा कप. काशीबाईला मी घरी पिटाळलं. ती बाटली घेऊन आली. आसव होतं. आसव-अरिष्टं आंबवून करतात, त्यात दारूचा अंश आपोआप तयार होतो, आणि ते बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलंही असतं. मी बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि ती ओळ बोटानं दाखवली.

साहेब म्हणाले, दारुड्याला पाठीशी घालता. मी म्हणाले, "याला दारू कुठली मिळाली असेल तर ती औषधाच्या दुकानातून मिळाली. आणि चूक कुणाची लिहायची असेल तर माझी लिहा. देशी, शिंदी, ताडी, सगळं सांगितलं मी याला. आसवाचं सांगायचं राहिलं." डॉक्टरांनी पेन उघडलं आणि जे होतं ते लिहिलं. खाली मी सही केली. माझ्या सहीची तिथं गरज नव्हती, तरी केली.

मन्मथ संध्याकाळी सावरला. पण डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "पिऊन पडलो तवा कुणी बगाया येत न्हवतं. न पिता पडलो तर समदा गाव आला." मी त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. तो घरी गेला तेव्हा मला वाटलं, संपलं. आता हा खिडकीशी येणार नाही, आणि न आला तर मी कुठल्या तोंडानं बोलावू?

सकाळी सहाच्या आधीच फाटकाशी बरीच माणसं जमली होती. तमाशा बघायला. टँकर आला. मन्मथ सगळ्यांच्या मधून चालत खिडकीपर्यंत आला. डॉक्टरांनी त्या दिवशी गोळी द्यायची नाही असं सांगितलं होतं, दोन दिवस थांबायचं होतं. मी त्याला तसं म्हणाले. "गोळी नका देऊ," तो म्हणाला, "पण माझं नाव लिव्हा. आलता म्हणून लिव्हा." मी लिहिलं. त्यानं ग्लासभर पाणी घेतलं, प्यायला, वळून सगळ्यांना जीभ दाखवली आणि गाडीवर जाऊन बसला.

तो पुढे दीड-दोन वर्षं गोळी घेत राहिला. मधे एकदा गोळी बंद असताना बहिणीच्या गावी प्यायला, आणि आठवड्यानं आपणहून परत आला. मी त्याला काही विचारलं नाही, ग्लास भरून दिला. लोकांना अशा गोष्टीत 'पुन्हा कधी शिवला नाही' असं ऐकायचं असतं. ते मी लिहिणार नाही. पडला, उठला आणि परत रांगेत लागला, यातच मला जास्त अभिमान आहे.

माझी बदली व्हायची ती झालीच, नांदेडकडे, मुदखेडजवळच्या एका दवाखान्यात. ऑर्डरमध्ये कारण 'प्रशासकीय' होतं. नवरा अहमदपूर तालुक्यात आणि मी इकडे, अशी काही वर्षं गेली. सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांच्याजवळ नव्हते. ते दुःख मला आहे. साहेबाला 'हो' म्हणायला हवं होतं, असं मात्र एकदाही वाटलेलं नाही.

मुदखेडला हजर होऊन काही महिने झाले असतील. सकाळी ओपीडी उघडायच्या आधी दाराशी मन्मथ उभा. आदल्या दिवशी एसटीनं नांदेड, तिथं नातेवाइकाकडे मुक्काम आणि सकाळच्या पॅसेंजरनं मुदखेड. सोबत तीन माणसं, तिघेही ड्रायव्हर, एकाचे हात आतापासूनच कापत होते. आमच्या जुन्या दवाखान्यात नव्या सिस्टरनं खिडकी बंद केली होती, डॉक्टर काझींचीही बदली झाली होती. मी विचारलं, यांना कुठं आणलंस एवढ्या लांब, आणि यांना ठाऊक आहे का कशाला आणलंय?

"समदं सांगितलंय," मन्मथ म्हणाला. "भिंतीतलं पाणी सांगितलं, उलटी सांगितली, आसवाचं बी सांगितलं. तरी आले."

आमच्या तिथल्या डॉक्टरांना अजून या गोळीचं काहीच माहीत नव्हतं, म्हणजे एक नवं भांडण समोर होतं. मी तिघांना बाकावर बसवलं, शेवटची कधी घेतली ते एकेकाला विचारून कागदावर लिहिलं आणि डॉक्टरांचं दार वाजवलं.